बंगला: बंगालमधून पासाडेनाला आणि तिथून आपल्या कॉलनीत

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला विषय दिला होता ‘आयटी क्षेत्रातील माझी वाटचाल’. मी तो बदलून मागितला. आयटीतली माझी वाटचाल म्हणजे एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर झालेली वाटचाल आहे. ती ऐकून पहिल्या रांगेतल्या सरांना झोप लागेल, आणि एकेकाळी त्यांच्या तासाला मला लागायची, त्याची फिटंफाट होईल. म्हणून मी घरांबद्दल बोलणार आहे. जळगावातली, धुळ्यातली, आपल्या आईवडिलांनी बांधलेली घरं. त्यातली निम्मी आज एकतर पाडली गेली आहेत किंवा पाडायची ठरली आहेत. तुमच्यापैकी कितीजणांच्या घरी बिल्डरची फाइल टेबलावर पडली आहे, हे मी जेवणाच्या पंगतीत ऐकलंच. आमच्याकडेही आहे.

आधी शब्दापासून सुरुवात करते. ‘बंगला’ हा शब्द म्हटला की आपल्याला श्रीमंती आठवते. मूळ अर्थ अगदी साधा होता: बंगालमधल्या पद्धतीचं घर. एक मजला, उतरतं छप्पर, भोवती ओसरी. सतराव्या शतकात बंगालात आलेल्या इंग्रजांनी तो शब्द उचलला आणि पुढे त्यांच्या अधिकाऱ्यांसाठी हिंदुस्थानभर तशी घरं उभी राहिली. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत जुने बंगले ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. मग हा बंगला बोटीवर चढला. १८७०च्या आसपास इंग्लंडमधल्या केंट परगण्यात समुद्रकाठी सुट्टीची घरं म्हणून ‘बंगलो’ बांधले गेले. आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो अमेरिकेत, त्यातही कॅलिफोर्नियात असा काही रुजला की तिथल्या लोकांना तो त्यांचाच वाटायला लागला.

कामानिमित्त मी काही महिने लॉस एंजेलिसला होते. एका रविवारी पासाडेनाला ‘गॅम्बल हाऊस’ पाहायला गेले. १९०८ साली डेव्हिड गॅम्बल यांच्यासाठी बांधलेलं घर. हे गॅम्बल म्हणजे ज्यांचं साबण-पावडर आपण वापरतो त्या प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या घराण्यातले. आर्किटेक्ट दोघे भाऊ, चार्ल्स आणि हेन्री ग्रीन. दोघांनी लहानपणी सेंट लुईसच्या एका शाळेत सुतारकाम आणि लोहारकाम शिकलं होतं, नंतर एमआयटीत आर्किटेक्चर. हा क्रम मला फार आवडला. आधी रंधा, मग ड्रॉइंग बोर्ड.

त्या घरात पाऊल टाकल्यावर मला पहिल्यांदा काय ओळखीचं वाटलं असेल, तर सागवान. दाराला आणि दिवाणखान्याच्या वाटेला ब्रह्मी सागवान वापरलंय. आपल्याकडे सातपुड्याच्या सागाचे खांब असलेल्या वाड्यात ज्यांचं बालपण गेलं, त्यांनी डोळे मिटून हात फिरवला तरी ओळखतील. लाकडाचे सांधे लपवलेले नाहीत, उलट दिसावेत असेच ठेवलेत. कोपरे गोल घासलेले. हे काम प्रत्यक्ष उभं केलं पीटर आणि जॉन हॉल या दोघा भावांनी. आर्किटेक्टच्या नावाबरोबर तिथे सुताराचंही नाव सांगतात. आपल्याकडे घराच्या वास्तुशांतीला सुताराला टॉवेल-टोपी देतात आणि दुसऱ्या दिवशी नाव विसरतात.

पण मला जे दाखवायचंय ते वेगळं. त्या घराला वरच्या मजल्यावर झोपायच्या उघड्या ओसऱ्या आहेत. बेडरूमला लागून, वर छप्पर, बाजूंनी मोकळ्या. रात्री बाहेर झोपायचं. गाईड मोठ्या कौतुकाने सांगत होती आणि मला हसू येत होतं. कारण मे महिन्यात संध्याकाळी गच्चीवर बादलीने पाणी मारून, सतरंज्या टाकून, रात्री अकरा-बारापर्यंत चांदण्या मोजणाऱ्या आपण सगळ्यांनी हे लहानपणीच केलंय. पासाडेनाचा उन्हाळा आपल्या पंचेचाळीस अंशांइतका कडक नाही. पण जात तीच: कोरडा, दुपारी भाजणारा आणि रात्री उतरणारा.

ग्रीन बंधूंची घरं श्रीमंतांची होती. सामान्य माणसापर्यंत बंगला नेला तो दुसऱ्याच लोकांनी. गुस्ताव्ह स्टिकली नावाचे एक फर्निचर बनवणारे गृहस्थ होते. त्यांनी १९०१ साली ‘द क्राफ्ट्समन’ नावाचं मासिक काढलं आणि त्यात घरांचे नकाशे छापायला सुरुवात केली. वर्गणीदाराला नकाशा मिळायचा. त्या मासिकावरूनच ‘क्राफ्ट्समन बंगला’ हे नाव पडलं. कल्पना अशी की घर साधं असावं, सामान खोटं नसावं, दर्शनी भागाच्या दिखाव्यापेक्षा आतल्या माणसाची सोय बघावी. सिअर्स कंपनी त्याच्याही पुढे गेली. १९०८ ते १९४० या काळात त्यांनी कॅटलॉगमधून अख्खी घरं विकली! लाकूड कापून, नंबर टाकून, रेल्वेने पाठवायचे. सोबत पुस्तिका. सत्तर हजारांहून जास्त घरं अशी गेली. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच कळेल: नकाशा एकदा नीट लिहा आणि हजार ठिकाणी चालवा.

स्टिकलींचं दिवाळं १९१५ साली वाजलं आणि पुढच्या वर्षी मासिक बंद पडलं. नकाशे मात्र राहिले.

आता आपल्याकडे येऊ. १९१३ साली क्लॉड बॅटली नावाचे एक इंग्रज आर्किटेक्ट मुंबईत आले आणि १९५६ साली मुंबईतच वारले. मधल्या काळात त्यांनी काय काय केलं, तर तुम्ही मुंबई सेंट्रलला उतरला असाल तर त्यांच्या इमारतीतून बाहेर पडला आहात. ते स्टेशन त्यांच्या आराखड्यानुसार एकवीस महिन्यांत बांधून १९३० साली सुरू झालं. ब्रेबॉर्न स्टेडियम आणि क्रिकेट क्लबची इमारत त्यांच्याच ग्रेगसन, बॅटली अँड किंग या फर्मची. मलबार हिलवरचा जिनांचा बंगला, १९३६चा, तोही बॅटलींचा. इटालियन संगमरवर, अक्रोडाचं लाकूड. त्या बंगल्याचं राजकारण आपण पेपरात वाचतो, आर्किटेक्टचं नाव कुणाला आठवत नाही.

माझ्या दृष्टीने बॅटलींचं मोठं काम या इमारतींत नाही. ते जे. जे. स्कूलमध्ये १९२३ ते १९४३ अशी वीस वर्षं आर्किटेक्चरचे प्राध्यापक होते. इंग्रज माणूस, हाताखाली मराठी, गुजराती, पारशी मुलं. त्यांना तो लंडनच्या इमारती गिरवायला लावू शकला असता. त्याऐवजी त्याने मुलांना टेप घेऊन जुन्या भारतीय इमारती मोजायला पाठवलं. देवळं, वाडे, त्यांचे खांब, तुळया, खिडक्या. मोजा आणि कागदावर काढा. त्या मोजमापांतून १९३४ साली ‘द डिझाइन डेव्हलपमेंट ऑफ इंडियन आर्किटेक्चर’ हा चित्रसंग्रह निघाला. पुढे १९४९मध्ये त्यांनी मुंबईच्या घरांवर एक छोटं पुस्तकही लिहिलं. याच काळात, १९३६ साली, जे. जे.मधून पेरिन मिस्त्री नावाची मुलगी डिप्लोमा घेऊन बाहेर पडली. भारतातली पहिली महिला आर्किटेक्ट म्हणून तिचं नाव घेतलं जातं. आपल्या वर्गात इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुली किती होत्या ते आठवा आणि मग १९३६ सालाचा विचार करा.

बॅटलींची गिऱ्हाइकं बरीचशी राजेरजवाडे आणि बॅरिस्टर. मध्यमवर्गासाठी काम केलं ते पुण्याच्या आर. एस. देशपांडे या इंजिनिअरांनी. त्यांची पुस्तकं इंग्रजीत होती: १९३१चं ‘रेसिडेन्शियल बिल्डिंग्ज सूटेड टू इंडिया’, १९३५चं ‘चीप अँड हेल्दी होम्स फॉर द मिडल क्लासेस ऑफ इंडिया’, १९३९चं ‘मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया’. नुसती नावं वाचली तरी गिऱ्हाईक कोण ते कळतं. स्वस्त आणि आरोग्यदायी. वाड्यातून बाहेर पडणारा कारकून, शिक्षक, वकील, ज्याच्याकडे प्लॉट आहे, थोडी शिल्लक आहे आणि आर्किटेक्टकडे जायची हिंमत नाही. माझ्या मते स्टिकलींचा खरा भाऊ शोभेल तो हा पुण्याचा इंजिनिअर. दुर्दैवाने आपल्या पाठ्यपुस्तकात दोघांपैकी कुणीच नाही.

अशा नकाशांची नातवंडं म्हणजे आपल्या कॉलन्यांमधले बंगले. माझ्या वडिलांनी ऐंशीच्या दशकात जळगावात घर बांधलं तेव्हा नकाशा एका ओव्हरसीयरने काढून दिला. तो निळा कागद अजून आईच्या पेटीत आहे. पुढे व्हरांडा, मग बैठक, मधली खोली, डाव्या हाताला स्वयंपाकघर, मागे मोरी आणि न्हाणीघर, बाहेरून जिना. तुमच्यापैकी ज्यांची घरं त्या काळातली आहेत त्यांनी हात वर करा... बघा, निम्मा हॉल. आपण सगळे एकाच नकाशात वाढलोय.

आता तक्रार. हा नकाशा पुण्या-मुंबईहून आला. मुंबईची हवा दमट. तिथे घर दिवसरात्र उघडं हवं, समोरासमोर खिडक्या हव्यात, वारा वाहता हवा. खानदेशात मे महिन्यात दुपारी दोनला खिडकी उघडली तर भट्टीचं दार उघडल्यासारखं होतं. आपल्याकडे घर दुपारी बंद आणि रात्री उघडं हवं. माझी आजी धुळ्याची. तिचं घर धाब्याचं होतं. जाड मातीच्या भिंती, सागाचे खांब, वर कडीपाट आणि त्यावर मातीचा जाड थर. दुपारी दारं लावून, ओलं फडकं खिडकीला लावून ती मधल्या खणात चटई टाकायची आणि म्हणायची, “आठे गार वाटस.” आणि खरंच वाटायचं.

यात जादू नाही, हिशोब आहे. उष्णता भिंतीतून आत यायला वेळ लागतो. नऊ इंची विटेच्या भिंतीला ढोबळमानाने सहा-सात तास. म्हणजे दुपारी दोनचं ऊन आत पोहोचतं रात्री आठ-नऊला. मातीची भिंत आणखी जाड असेल तर आणखी उशिरा, तोवर बाहेर गार झालेलं असतं आणि तुम्ही गच्चीवर गेलेले असता. आमच्या भाषेत याला लेटन्सी म्हणतात आणि आम्ही ती कमी करायला पगार घेतो. खानदेशातल्या घरात ती वाढवायची असते!

स्लॅबचं गणित उलटं आहे. चार-पाच इंची काँक्रीट, त्यावर दिवसभर ऊन. संध्याकाळी ती स्लॅब खाली तापवायला सुरुवात करते आणि मध्यरात्रीपर्यंत थांबत नाही. म्हणून गच्चीवर पाणी मारायचं. म्हणून आपल्याकडे कूलर घरातल्या माणसासारखा, त्याला वेगळी खिडकी.

धाब्याच्या घराचे गोडवे गाऊन मला थांबायचं नाही. ते गळायचं. पावसाळ्याआधी वर माती टाकायची, ती चोपायची, आत सारवायचं, आणि हे काम घरातल्या बायकांच्या कमरेवर. विंचू निघायचे. माझ्या आईने लग्नानंतर सिमेंटच्या घरासाठी हट्ट धरला, तो मला पूर्ण पटतो. प्रश्न असा आहे की सिमेंटच्या घरात आपण आजीच्या घरातलं काय काय नेऊ शकलो असतो.

इथे मी माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. ख्रिस्तोफर अलेक्झांडर नावाचे आर्किटेक्ट होते. १९७७ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर ‘अ पॅटर्न लँग्वेज’ नावाचं जाडजूड पुस्तक काढलं. त्यात २५३ नमुने आहेत: घराचे, गल्लीचे, गावाचे. एक नमुना सांगतो की सहा फुटांपेक्षा अरुंद बाल्कनी कुणी वापरत नाही. आपल्या नव्या फ्लॅटची बाल्कनी मोजा, बहुतेक ठिकाणी त्यात वॉशिंग मशीन आणि तुळस एवढंच मावतं. या पुस्तकावरून सॉफ्टवेअरवाल्यांनी कल्पना उचलली आणि १९९४मध्ये चौघांनी ‘डिझाइन पॅटर्न्स’ लिहिलं, त्यात २३ नमुने. आम्ही सगळे ते पुस्तक उशाला घेऊन इंटरव्ह्यूला गेलो. मूळ कल्पना घरांची होती हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं, आणि तेव्हापासून मी घरांकडे अशी बघायला लागले.

आता फाइलकडे येते. वडील जाऊन काही वर्षं झाली. आई घरात एकटी आहे. भाऊ बंगळूरला, मी पुण्याला. आमच्या ओळीतले तीन बंगले गेले आणि तिथे खाली पार्किंग, वर चार मजले उभे राहिले. बिल्डरने आम्हाला दोन फ्लॅट आणि वर रक्कम देऊ केली आहे. भावाचं म्हणणं स्पष्ट आहे: आईला जिना चढवत नाही, मोरी मागे आहे, रात्री भीती वाटते, लिफ्ट आणि वॉचमन असलेलं घर बरं. त्याच्या एकाही मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या मनातले मुद्दे सगळे आठवणीचे होते, आणि आठवणीवर घर ठेवता येत नाही.

आईला विचारलं. ती म्हणाली, “फ्लॅटमध्ये बिबडे कुठे घालू?” आम्ही हसलो. ती हसली नाही. ज्वारीचे बिबडे, कुरडया, उडदाचे पापड, वर्षाची मिरची. हे सगळं ज्या गच्चीवर होतं, त्या गच्चीवर कॉलनीतल्या सहा-सात बायका एकत्र येतात. चार मजल्यांच्या इमारतीत गच्ची सगळ्यांची असते, म्हणजे टाक्यांची आणि डिश अँटेनांची. आईचा प्रश्न पापडांचा नव्हता, तिच्याकडे कोण येणार याचा होता.

त्यानंतर मी दोन दिवस सुट्टी काढून घर मोजलं. बॅटलींच्या मुलांसारखं, टेप आणि वही घेऊन. प्रत्येक खोली, भिंतीची जाडी, खिडकी, तिच्यावरचा छज्जा. मोजल्यावर कळलं की घराचा दोष मुख्यतः तीन जागी आहे. पश्चिमेच्या खिडक्यांवर छज्जा जेमतेम दीड फूट, त्यामुळे चारनंतरचं ऊन थेट आत. स्लॅबवर काहीच आच्छादन नाही. आणि न्हाणीघर पाच पायऱ्या खाली. बाकी घर बरं आहे, भिंती नऊ इंची आहेत, मधली खोली चारही बाजूंनी दुसऱ्या खोल्यांनी वेढलेली आहे, म्हणजे ती जवळजवळ आजीचा मधला खण आहे. वडिलांनी आणि त्या ओव्हरसीयरने न ठरवता एक गोष्ट बरोबर केली होती.

मग आम्ही दोघांनी दोन रकाने केले. एका बाजूला बिल्डरचा प्रस्ताव. दुसऱ्या बाजूला दुरुस्ती: पश्चिमेला मंगलोरी कौलांची ओसरी, सहा फूट रुंद, अलेक्झांडरला स्मरून. गच्चीवर पांढऱ्या चिनी तुकड्यांची फरशी, म्हणजे ऊन परत जाईल. न्हाणीघर मधल्या खोलीलगत. आणि वरचा मजला एखाद्या कुटुंबाला भाड्याने, म्हणजे आईला रात्री सोबत. भावाने दुसरा रकाना तीनदा तपासला, तो अकाउंट्सचा माणूस आहे. आम्ही बिल्डरकडून दिवाळीपर्यंत मुदत मागून घेतली आहे. भाडेकरूचा मुद्दा आईला अजून पटलेला नाही. काय होईल ते मी आज सांगू शकत नाही, पण आता आमचं भांडण आकड्यांवर होतं, आणि त्यामुळे ते कमी होतं.

पासाडेनाच्या त्या घराची एक गोष्ट राहिली. गॅम्बल कुटुंबाने मधल्या काळात ते विकायला काढलं होतं. घर बघायला आलेली एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली की आतलं सगळं लाकूड पांढरं रंगवून टाकू, म्हणजे उजेड येईल. हे घरच्यांच्या कानावर पडलं आणि त्यांनी विक्री रद्द केली. १९६६ साली घर गावाला आणि विद्यापीठाला देऊन टाकलं. आपल्याला असं घर दान करायची ऐपत नाही, आणि आपली घरं तेवढ्या तोलामोलाची नाहीत, हे मला मान्य आहे. त्यांचं लाकूड तर बऱ्याचदा आपणच ऑइल पेंटने रंगवलंय, पोपटी.

म्हणून माझी मागणी लहान आहे. आपल्या बॅचमध्ये सिव्हिलचे चौघे आहेत, एक आर्किटेक्ट आहे, दोघे बिल्डर आहेत (त्यांनी घाबरू नये, चहा त्यांनाच पाजायचाय). शाळेत आजही आठवी-नववीची मुलं भूमितीत स्केल काढायला शिकतात. जुन्या जळगावातले वाडे, आपल्या कॉलन्यांमधले बंगले, धुळ्यात उरलेली धाब्याची घरं, जी पाडायची आहेत ती खुशाल पाडा, पण पाडायच्या आधी एकदा मोजून घेऊ. प्रत्येक घराचे दोन कागद: एक नकाशा, एक उभा छेद. खाली घर कुणी बांधलं, सुतार कोण, गवंडी कोण, साल काय. मुख्याध्यापकांनी वाचनालयात एक कपाट द्यायचं कबूल केलं आहे. मी स्कॅनिंगचं बघते.

पहिलं घर आमचंच धरू. येत्या रविवारी सकाळी आठला, उन्हाच्या आत. पन्नास फुटी टेप ज्याच्याकडे असेल त्याने आणावा, माझा तीस फुटीच आहे. शिडी घरात आहे, आणि आईने भरीत-पुरीचा बेत ठरवून टाकलाय, तेव्हा किती जण येणार ते आजच तिला कळवायला हवं.